पंधरा घरच्या नाताळभेटी: आधी तारखा, मग हातकाम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला वन बीएचके घर, स्वयंपाकघरात दोन शेगड्या आणि १९ लिटरचा ओटीजी, मदतीला नऊ वर्षांची मुलगी. नाताळाला पंधरा घरी काहीतरी हातानं केलेलंच द्यायचं आहे. आज १० नोव्हेंबर. काय करावं आणि सुरुवात कधी करावी?

हातात ४५ दिवस आहेत, आणि ते भरपूर आहेत. पण काय करायचं हे आवडीवर ठरवण्याआधी कॅलेंडर समोर घ्या. घरी केलेल्या भेटी फसतात त्या बहुतेक वेळा घाईनं. मेणबत्तीत सुगंध मुरायला दोन आठवडे लागतात, साबण पिकायला चार ते सहा आठवडे, साखरेत शिजवलेली साल सुकायला दीड-दोन दिवस. तळलेला खाऊ मात्र आधी करून चालत नाही, तो शेवटच्या आठवड्यातच करावा लागतो. प्रत्येक वस्तूचे दिवस २५ डिसेंबरपासून मागे मोजले की काय जमेल आणि काय नाही हे लगेच कळतं.

पंधरा घरांना पंधरा निरनिराळ्या वस्तू करायच्या फंदात पडू नका. प्रत्येक नव्या वस्तूचा पहिला घाणा बिघडण्यासाठीच असतो. एक टिकाऊ वस्तू आणि एक खाऊ, दोन्ही पंधरा नग, एवढंच ठरवा. तुमचं घर, मुलीचं वय आणि उरलेले दिवस पाहता काचेतली सोया मेणबत्ती आणि जोडीला कुलकुल (शंखासारखा वळून तळलेला नाताळचा गोड खाऊ) किंवा साखरेत मुरवलेली संत्र्याची साल, हा माझा सल्ला.

साबणाचा विचार मनात असेल तर त्याचा निकाल आधी लावू. कोल्ड प्रोसेस साबण, म्हणजे तेलं आणि कॉस्टिक सोडा न शिजवता मिसळून केलेला साबण, याच आठवड्यात ओतला तर नाताळापर्यंत जेमतेम पिकतो. त्याचं एक चांगलं प्रमाण म्हणजे खोबरेल ३०० ग्रॅम, ऑलिव्ह तेल ६०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम, शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइड (हाच कॉस्टिक सोडा, खाण्याचा सोडा नव्हे) १४१ ग्रॅम आणि पाणी २८२ ग्रॅम. यात सुमारे पाच टक्के तेल मुद्दाम साबणात न बदललेलं राहतं, त्यामुळे साबण त्वचेला कोरडा पडत नाही. एखादं तेल बदललं की सोड्याचं वजन नव्यानं काढावंच लागतं, कारण प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही. नळ्या साफ करायची पावडर साबणाला चालत नाही, तिच्यात इतर रसायनं मिसळलेली असू शकतात. हे सगळं पाळता येतं, पण एकाच दाराच्या छोट्या स्वयंपाकघरात नऊ वर्षांचं मूल मध्येमध्ये येणार असेल तर या वर्षी साबण नको. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. फारच हौस असेल तर तयार ग्लिसरीन बेस वितळवून साच्यात ओता. तो पिकवावा लागत नाही. फक्त साच्यातून काढल्या दिवशीच प्लॅस्टिक फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, नाहीतर ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं आणि वडीवर घामासारखे थेंब येतात.

केकबद्दलही दोनच वाक्यं. १९ लिटरच्या ओटीजीत एका वेळी दोन-तीन छोटे लोफ बसतात आणि फळांनी भरलेला केक मंद आचेवर दीड-दोन तास भाजावा लागतो, म्हणजे पंधरा घरांसाठी दोन दिवस ओटीजी थंड होणार नाही. घरच्यांसाठी एक केक करा, त्याची फळं आत्ताच रममध्ये भिजवा. रम नको असेल तर संत्र्याच्या रसात आदल्या रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवा, कारण रसात आठवडाभर बाहेर ठेवलेली फळं आंबतात.

आता मेणबत्ती.

मेण, वाती, साचे आणि पॅकिंगचं सामान रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास मिळतं. डिसेंबर लागला की तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून खरेदी याच आठवड्यात उरका. काचेसाठी सोया मेण घ्या. पॅराफिन सहज मिळतं, पण थिजताना ते जास्त आकसतं. वातीभोवती खोल खड्डा पडतो आणि दुसऱ्यांदा ओतून तो भरावा लागतो. शिवाय ते काचेपासून सुटतं. साच्यातल्या उभ्या मेणबत्तीला पॅराफिनच बरं, त्यात पाच ते दहा टक्के स्टिअरिक ॲसिड घातलं की ती टणक होते आणि साच्यातून सहज निघते.

ग्लास सरळ भिंतीचा, जाड बुडाचा, आतून ७ सेंटीमीटर रुंद आणि साधारण १८० मिलिलीटरचा घ्या. पातळ काचेचे शोभेचे ग्लास शेवटी ज्योत तळाशी आली की तडकतात. दिवाळीच्या उरलेल्या पणत्या वापरायचा मोह होईल, तो आवरा. भाजलेली माती सच्छिद्र असते. वितळलेलं मेण ती शोषून घेते, बाहेरून पाझरते आणि क्वचित पणतीची कडाच वातीसारखी पेट घेते.

ग्लासात किती मेण लागेल ते पाण्यानं मोजा. जिथवर मेण हवं तिथवर पाणी भरा, त्याचं वजन करा आणि ०.८६ नं गुणा. १५० ग्रॅम पाणी बसलं तर १३० ग्रॅम मेण बसेल. पाच ग्लासांच्या एका घाण्याला ६१५ ग्रॅम मेण आणि ३७ ग्रॅम सुगंधी तेल, म्हणजे सहा टक्के. असे तीन घाणे. चाचणीचे ग्लास आणि सांडलवंड धरून अडीच किलो मेण आणा. सगळं वजनावर मोजा, चमच्यावर नको. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, आणि एक थर्मामीटर लागतोच.

सुगंध मेणबत्तीसाठीचाच घ्या. केकमधला व्हॅनिला इसेन्स मेणात मिसळत नाही. तो तळाशी बसतो आणि जळताना तडतडतो. रंगासाठी मुलांचे मेणखडू विरघळवायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो घेऊ नका. त्यातला रंगकण वातीच्या धाग्यात अडकतो आणि ज्योत दोन तासांत मान टाकते. वरून दालचिनीचे तुकडे, वाळकी फुलं, बडीशेप पेरलेल्या मेणबत्त्या फोटोत छान दिसतात, पण पेटवल्यावर ते सगळं सरपण होतं. दालचिनी बाहेरून सुतळीनं बांधा.

आता वात, कारण मेणबत्ती चांगली की वाईट हे जवळपास तीच ठरवते. मेण चढवलेल्या, खाली पत्र्याची टिकली असलेल्या सुती वाती घ्या. प्रत्येक उत्पादकाचे नंबर वेगळे असतात, त्यामुळे नंबर सांगण्यात अर्थ नाही. ७ सेंटीमीटर व्यासासाठी दुकानदार जो आकार सुचवेल तो, त्याच्या खालचा एक आणि वरचा एक असे तीन आणा. १३ नोव्हेंबरपर्यंत तीन चाचणी मेणबत्त्या ओता, आठवडाभर ठेवा आणि मग सलग तीन तास जाळून बघा. तीन तासांत वितळलेल्या मेणाचं तळं कडेच्या जवळ पोचलं आणि ते सेंटीमीटरभर खोल असलं तर वात योग्य. मधोमध विहिरीसारखा खड्डा पडला आणि कडेचं मेण तसंच राहिलं तर वात बारीक आहे. ज्योत उंच नाचते, काचेवर काजळी धरते, वातीच्या टोकाला काळं बोंड येतं, तर वात जाड आहे किंवा कापलेली नाही. ही चाचणी टाळून पंधरा ग्लास ओतले आणि वात चुकली, तर पंधराही वाया. म्हणून हा आठवडा कुठल्याही कारणानं वगळू नका.

मुख्य काम २९ आणि ३० नोव्हेंबरला. ग्लास धुऊन पूर्ण कोरडे करा, वातीची टिकली तळाला मधोमध चिकटवा. वात उभी ठेवायला कपड्यांचा लाकडी चिमटा ग्लासावर आडवा ठेवून त्यात वात धरा. मोठ्या पातेल्यात चार बोटं पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचं छोटं पातेलं बसवा. मेण कधीच थेट आचेवर ठेवू नका, आणि गॅस चालू असताना तिथून हलू नका. मेण पेटलंच तर गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवा. पाणी ओतलं तर जळतं मेण भडका होऊन छतापर्यंत उडतं. हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

मेण ८० ते ८५ अंशांवर नेऊन गॅस बंद करा. सुगंध घाला आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा. जोरानं घुसळलं की हवा शिरते आणि वातीजवळ पोकळ्या राहतात. मग ५५ ते ६० अंशांवर उतरू द्या आणि बारीक धारेनं ओता. पाकिटावर वेगळं तापमान लिहिलं असेल तर ते पाळा, कारण सोया मेणाची मिश्रणं वेगवेगळी असतात.

पुण्याच्या थंडीचा इथे थेट संबंध येतो. नोव्हेंबर संपता संपता रात्री पारा झपाट्यानं उतरतो, आणि गार ग्लासात कोमट मेण पडलं की कडेला ते काचेपासून सुटतं. बाहेरून ओलसर डाग पडल्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे. ओटीजी अगदी मंद तापवून, मग बंद करून, त्यात ग्लास दहा मिनिटं ठेवा, हाताला कोमट लागले की पुरे. ओतल्यावर खिडक्या बंद करा, ग्लासांवर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला आणि रात्रभर हलवू नका. तरीही पृष्ठभागावर पांढरट बुरशीसारखी नक्षी आली तर घाबरू नका. सोया मेणाचा तो स्वभाव आहे, जळण्यावर त्याचा परिणाम होत नाही. खड्डे पडले असतील तर हेअर ड्रायरची गरम हवा वरून फिरवली की पृष्ठभाग सपाट होतो.

दुसऱ्या दिवशी वाती ५ मिलिमीटरवर कापा, ग्लास झाकून अंधाऱ्या कपाटात ठेवा. १४ डिसेंबरपर्यंत ते तयार. मेणाची भांडी बेसिनमध्ये धुऊ नका, पाइपमध्ये मेण थिजलं की प्लंबरच बोलवावा लागतो. भांडं गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्रानं पुसून घ्या.

खाऊकडे वळू. संत्री आत्ता मंडईत भरपूर असतात आणि त्यांची साल सहज सुटते. साधारण डझनभर संत्र्यांची ४०० ग्रॅम साल निघते. फळं सोलण्याआधी गरम पाण्यात घासून धुवा, कारण चकाकीसाठी वरून मेण लावलेलं असू शकतं. सालीच्या अर्धा सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. गार पाण्यात घालून उकळी आणा, पाच मिनिटं उकळा, पाणी फेकून द्या. असं तीनदा करा, पातळ सालीला दोनदाही चालतं. तिसऱ्या पाण्यात पट्टी नखानं सहज दाबली जाईल इतकी मऊ झाली पाहिजे. ही पायरी नीट करा. साखर लागली की साल आणखी मऊ होत नाही, उलट घट्ट होते. रबरासारखी चिवट साल म्हणजे आधी नीट न शिजलेली साल.

मग ४०० ग्रॅम साखर, ३०० मिलिलीटर पाणी आणि एक चमचा लिंबाचा रस यांचा पाक करून त्यात पट्ट्या घाला आणि अगदी मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं शिजवा. पाक बुडबुडत नाही, नुसता हलतो, एवढीच आच. लिंबू घातल्यानं पाक परत साखर धरत नाही. पट्ट्या काचेसारख्या आरपार दिसू लागल्या की जाळीवर निथळत ठेवा. डिसेंबरातली इथली कोरडी हवा या कामाला फार अनुकूल. सावलीत, पातळ फडक्याखाली, दीड दिवसात त्या वरून कोरड्या होतात. मग जाडसर साखरेत घोळवा. पिठीसाखर ओल शोषून चिकट होते, म्हणून ती नको. उरलेला पाक चहात किंवा केकवर ओतायला ठेवा. पंधरा घरांना प्रत्येकी ३५ ग्रॅम तरी येते. हवाबंद डब्यात तीन आठवडे टिकते, त्यामुळे १० डिसेंबरच्या सुमारास उरकून टाका.

कुलकुल मुलीसोबत करायला जास्त गमतीचा. ५०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा मीठ, तीन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, आणि मळायला १५० ते १८० मिलिलीटर दाट नारळाचं दूध. काही घरांत अंडं घालतात. ते वगळलं तरी काही बिघडत नाही, आणि शेजारी देताना वगळलेलंच बरं. मार्गशीर्षातले गुरुवार बहुधा डिसेंबरात येतात आणि कित्येक घरी त्या महिन्यात अंडं शिवत नाहीत. पीठ पुरीसारखं घट्ट मळून ओल्या फडक्याखाली पाऊण तास ठेवा. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून चपटी करायची आणि एका टोकापासून शंखासारखी गुंडाळायची. शेवटची कड नारळाच्या दुधाचं बोट लावून चिकटवायची. काट्याऐवजी नवा, धुतलेला कंगवाही चालतो. गुंडाळायचं काम मुलीकडे द्या, तळणं तुमच्याकडे ठेवा.

तेल मध्यम, १६० अंशांच्या आसपास. गोळी टाकल्यावर हळूहळू वर आली पाहिजे. तेल जास्त तापलं की बाहेरून लाल आणि आत कच्चं राहतं, आणि असा कुलकुल दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. तेलात उलगडला तर कड कोरडी राहिली होती किंवा पीठ वाळलं होतं. तेल पीत असेल तर मोहन जास्त झालंय. पूर्ण गार झाल्यावर एक वाटी साखर आणि पाव वाटी पाण्याचा दोनतारी पाक करून वर ओता आणि परातीत हलवत राहा. पाच-सात मिनिटांत साखर पांढरी होऊन धरते. कोमट असताना डब्यात भरले तर वाफेनं सगळा घाणा नरम पडतो. एवढ्या पिठाचे सुमारे ९०० ग्रॅम होतात, म्हणजे दर घरी ६० ग्रॅम. १९ किंवा २० डिसेंबरला करा आणि पंधरा दिवसांत संपवायला सांगा. कुलकुल वळायचा कंटाळा आला तर शंकरपाळे आणि करंज्या आहेतच. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला फराळ होतोच, तेव्हा तीही भेट अस्सलच म्हणायची.

मेणबत्ती आणि खाऊ एकाच पिशवीत घालू नका. सुगंधी तेल हवेतून खाऊत उतरतं आणि कुलकुल लॅव्हेंडरच्या चवीचे लागतात. खाऊ घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, वर चिठ्ठीवर तारीख आणि घटक लिहा. सुकामेवा, अंडं किंवा रम असेल तर ते ठळक लिहा. मेणबत्तीला वेगळी पिशवी शिवा. खणाचं कापड यासाठी सुंदर दिसतं, लक्ष्मी रोडवर मिळतं. ७५ सेंटीमीटर पन्ह्याचं दोन मीटर कापड घ्या. आधी धुऊन घ्या, नाहीतर पुढे रंग जातो आणि आटतं. एका पिशवीला १८ बाय ४८ सेंटीमीटरचा तुकडा लागतो. पन्ह्यात चार तुकडे बसतात, चार रांगांत सोळा होतात. तुकडा मधोमध दुमडून दोन्ही बाजू एक-एक सेंटीमीटर आत शिवा, वर चार सेंटीमीटरची नाडीची पट्टी सोडा. खालचे दोन्ही कोपरे त्रिकोणी दुमडून साडेसात सेंटीमीटरच्या आडव्या रेषेवर शिवले की ग्लास सपाट बसतो. खणाचे धागे पटकन सुटतात, कडा झिगझॅग शिलाईनं बंद करा.

मुलीसाठी आणखी एक काम, आजी-आजोबांसाठी चांदणीचा कंदील. ४० सेंटीमीटरच्या दहा बांबूच्या काड्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधायच्या, टोकं एकमेकांना बांधायची आणि आतल्या पाच कोपऱ्यांत १० सेंटीमीटरच्या काड्या आडव्या खोचायच्या. वर पतंगी कागद, आत एलईडीची माळ. कागद अप्पा बळवंत चौकात मिळेल. खळ पातळ ठेवा, जाड खळीनं कागद आकसून फाटतो.

प्रत्येक मेणबत्तीच्या पिशवीत एक छोटी चिठ्ठी टाका. पहिल्यांदा सलग तीन तास जाळा, नाहीतर कायमची विहीर पडते. दर वेळी वात ५ मिलिमीटरवर कापा. ग्लासाखाली ताटली ठेवा, पडद्यापासून आणि पंख्याच्या झोतापासून लांब. तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की विझवा. ते उरलेलं मेण काढायला ग्लास गरम पाण्यात उभा ठेवा, दहा मिनिटांत वडी सुटून येते आणि ग्लास साबणानं धुतला की रोपटं लावायला किंवा पेन ठेवायला मोकळा होतो.